यंदा पाणी किती आहे?



पक्षी बघायला निघालेला माणूस गाइडला पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा असा असतो : किती जाती दिसतील? दुसरा प्रश्न : अमुक पक्षी आलाय का? दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. चार दिवसांची रजा काढून, रेल्वेचं तिकीट काढून, गळ्यात दुर्बीण अडकवून आपण जातो, तेव्हा पदरात काय पडणार हे विचारावंसं वाटणारच. पण पाणथळ जागी जाणार असाल तर या दोन्हींच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारा, असं मला आज सांगायचं आहे. तो प्रश्न म्हणजे : यंदा पाणी किती आहे? आणि त्याला जोडूनच, ते आलं कुठून?

या एका प्रश्नाने तुमची सहल बदलते. कुठे उभं राहायचं, कधी जायचं, काय शोधायचं, हे कळायला लागतं. शिवाय समोर दिसणारं हे सगळं पुढच्या वर्षी असेल की नाही, याचाही थोडा अंदाज येतो. हे समजावून सांगायला मी भारतातली सगळ्यात गाजलेली पाणथळ जागा निवडली आहे : राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान. तुमच्यापैकी अनेक जण तिथे जाऊन आले असतील. दिल्ली-मुंबई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या भरतपूरला थांबतात, आग्रा जवळच आहे, त्यामुळे ताजमहालाला जोडून एक दिवस भरतपूर, असा बेत पुष्कळ लोक करतात.

नावापासून सुरुवात करू. स्थानिक लोक या जागेला 'घना' म्हणतात, म्हणजे दाट झाडी. आणि केवलादेव म्हणजे उद्यानाच्या मधोमध असलेलं महादेवाचं देऊळ. क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर. आपल्या ताडोबाशी तुलना केली तर हे अगदी परसदार वाटेल. भोवती सुमारे दोन मीटर उंचीची भिंत, भिंतीला लागून एका बाजूला भरतपूर शहर आणि बाकी बाजूंना खेडी. एवढ्याशा जागेत साडेतीनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

आता पहिली महत्त्वाची गोष्ट. हे तळं निसर्गाने जसंच्या तसं दिलेलं नाही. मुळात इथे एक सखल, खोलगट भाग होता. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचा पूर त्या बाजूने पसरायचा आणि भरतपूर शहराला धोका व्हायचा. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बंध बांधला गेला, पुराचं पाणी अडलं. पुढे एकोणिसाव्या शतकात त्या पाण्याचा वापर करून कालवे, छोटे बांध आणि दरवाजे यांची एक व्यवस्था उभी राहिली आणि खोलगट भागाचे वेगवेगळे कप्पे तयार झाले. उद्यानात शिरल्यावर तुम्ही ज्या रस्त्याने जाता आणि ज्या पायवाटांवर चालता, त्यांतल्या बऱ्याचशा वाटा म्हणजे या कप्प्यांमधले बांधच आहेत. वाटेत कुठे कुठे पाणी सोडायचे लोखंडी दरवाजे दिसतील. बहुतेक पर्यटक त्यांच्याकडे पाठ करून पक्ष्यांचे फोटो काढतात. पण त्या दरवाज्यापाशी दोन मिनिटं थांबा. बाहेर दिसणारा बदकांचा सगळा पसारा त्या दरवाज्याच्या उघडझापीवर अवलंबून आहे.

इथल्या पाण्याचं वेळापत्रक असं. चांगल्या पावसाच्या वर्षी जुलैच्या मध्यावर, पावसाळा सुरू झाला की अजान बंधातून पहिलं पाणी आत येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरं पाणी येतं, कारण बंधाखालच्या जमिनीत शेतकऱ्यांना रब्बीची पेरणी करायची असते आणि त्यासाठी बंध रिकामा करावा लागतो. म्हणजे बघा, गव्हा-मोहरीच्या पेरणीसाठी शेतातून निघालेलं पाणी इथे पक्ष्यांच्या कामी येतं. पावसाळ्यात उद्यानातल्या खोल भागात एक-दोन मीटर पाणी असतं. मग ते हळूहळू उतरायला लागतं. फेब्रुवारीपासून कडा उघड्या पडतात आणि जूनपर्यंत थोडीशी डबकी उरतात. हे आटणं हा या जागेचा दोष नव्हे, तिचा स्वभावच तसा आहे. वर्षभर काठोकाठ भरलेल्या तलावात इतक्या प्रकारचे पक्षी राहूच शकले नसते.

का, ते सांगतो. आपण पाण्याची खोली मीटरमध्ये मोजतो, पण पक्षी ती पायांच्या आणि चोचीच्या लांबीने मोजतात. बांधावर उभे राहा आणि कडेपासून आत बघत जा. अगदी काठाला, जिथे नुसती ओल आहे, तिथे छोटे टिलवे, तुतवार, चिखले दिसतील. चिखलाच्या पृष्ठभागावरचे किडे टिपणारे हे पक्षी, घोटाभर पाणीही त्यांना जास्त होतं. थोडं आत शेकाट्या, लालबुंद काटकुळ्या पायांवर उभा. त्याच्याच आसपास लांब सरळ चोचीचा मालगुजा, चोच मुळापर्यंत गाळात खुपसणारा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात चमचा डोकं डावीकडून उजवीकडे हलवत पाणी गाळत चाललेला असतो. तिथेच थापट्या बदक आपली फावड्यासारखी चोच पाण्यावर टेकवून गोल गोल फिरतं. तलवार बदक शेपूट वर करून शीर्षासन घालतं आणि तळाशी मान पोचेल तेवढ्याच खोलीचा भाग निवडतं. त्याहून खोल, मोकळ्या पाण्यात लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं. आणि पाणकावळे, तिरंदाज हे मासेमार, ज्यांना बुडी मारून पाठलाग करण्याइतकं पाणी लागतं.

शिवाय पाण्यावर काय उगवलं आहे तेही बघा. तरंगती पानं असतील तर त्यावरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत जाईल. उंच पाणकणसाचं बेट असेल तर जांभळी पाणकोंबडी तिथे असणार. पाणी नुकतंच उतरून जिथे आखूड हिरवं गवत आलंय तिथे हिवाळ्यात पट्टकादंबांचा थवा चरताना दिसेल. हिमालय ओलांडून आलेले हे हंस गाईगुरांसारखे गवत खातात, हे पाहून पहिल्यांदा येणारे लोक थक्क होतात.

म्हणून माझा सल्ला असा. पक्ष्यांच्या मागे धावू नका. आधी पाच मिनिटं दुर्बीण खाली ठेवून नुसतं पाणी बघा. कुठे उथळ आहे, कुठे खोल, कुठे चिखल उघडा पडलाय, कुठे गवत आहे. मग प्रत्येक पट्ट्यात कोण असायला हवं याचा अंदाज करा आणि दुर्बीण लावा. नवशिक्या माणसालाही अशाने नावं पटकन लक्षात राहतात, कारण नावाबरोबर पत्ता मिळतो.

जायचं कधी, हेही पाणीच ठरवतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा करकोचे, बगळे, पाणकावळे यांच्या विणीचा काळ. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी एकाला एक लागून असतात. एकाच झाडावर कित्येक जोड्या, पिल्लांचा कलकलाट, आईबापांची ये-जा. या बाभळी पाण्यात का उभ्या आहेत? कारण पाण्यामुळे जमिनीवरचे शिकारी प्राणी झाडापर्यंत पोचत नाहीत. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तरेकडून आलेल्या पाहुण्यांचा काळ. बदकं, हंस, चिखलपक्षी, त्यांच्या मागावर आलेले गरुड आणि भोवत्ये. थंडीच्या सकाळी धुकं दाट असतं, त्यामुळे पहाटे उठून गेलात आणि काही दिसलं नाही तर वैतागू नका. धुकं विरेपर्यंत कान उघडे ठेवा. सारसाच्या जोडीची हाक लांबून ऐकू येते.

आता थोडा इतिहास, कारण ही जागा नेमकी कशासाठी राखली गेली हे कळल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही.

केवलादेवाच्या देवळापाशी दगडी पाट्या आहेत. त्यांवर शिकारीच्या नोंदी कोरल्या आहेत : तारीख, पाहुणे कोण, बंदुका किती, पक्षी किती मारले. त्यातला सगळ्यात मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा आहे. पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. एका दिवसात ४२७३ पक्षी. लोक ही पाटी वाचतात, चुकचुकतात आणि पुढे जातात. पण क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. भरतपूरच्या राजांनी इथे पाणी खेळवलं, बांध घातले, राखणदार ठेवले, ते सगळं बदकांच्या शिकारीसाठी. हेतू काहीही असो, दरवर्षी पाणी सोडायचं कर्तव्य कुणाचं हे ठरलेलं होतं. स्वातंत्र्यानंतर ही जमीन कोरडी करून शेतीला द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा डॉ. सलीम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ही जागा वाचवण्यासाठी प्रयत्न केले. पुढे शिकार थांबली. १९८१ साली ओडिशातल्या चिलिका सरोवराबरोबर केवलादेव हे भारतातलं पहिलं रामसर स्थळ झालं. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान, १९८५ साली युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ. मान वाढत गेला. पण पाणी कोण आणि कुठून देणार, हा प्रश्न मात्र राजेशाहीच्या काळापेक्षा जास्त अवघड होत गेला.

त्याआधी एक दुसरी गोष्ट घडली, तीही पाण्याशीच जोडलेली. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर कायद्याप्रमाणे आत गुरं चारायला बंदी आली. नोव्हेंबर १९८२ मध्ये ती अमलात आणली गेली. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात उतरून चरत होत्या. गावकऱ्यांना पर्यायी सोय न देता दारं बंद झाली. संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे प्राण गेले. पक्षिनिरीक्षणाच्या गप्पांत हा प्रसंग सहसा येत नाही. तो आला पाहिजे.

आणि पुढे काय झालं? म्हशी गेल्यावर पाणगवत माजलं. पास्पालम नावाचं एक गवत उथळ पाण्यावर चटईसारखं पसरत गेलं. मोकळं पाणी कमी झालं. बदकांना उतरायला जागा राहिली नाही, मासे खाणाऱ्या पक्ष्यांना मासे दिसेनासे झाले. चराई बंद व्हावी असं म्हणणाऱ्यांत सलीम अलींसारखे थोर पक्षिशास्त्रज्ञही होते. पण त्यांच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० ते १९९० अशी दहा वर्षं इथे अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की म्हशी या पाणथळीच्या घडणीचा भाग होत्या. पाण्यात शिरून गवत खाणं हे काम तिथे दुसरा कुठलाच प्राणी त्या प्रमाणात करत नव्हता. मला यात विज्ञानाचा मोठेपणा दिसतो. आपल्याच ज्येष्ठांच्या मताविरुद्ध पुरावा गेला, तर तो लपवला नाही, छापला. नंतर गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून न्यायची परवानगी दिली गेली. अलीकडच्या काळात विलायती बाभूळ, म्हणजे ती परदेशातून आलेली वेडी बाभूळ, उद्यानभर पसरली, तेव्हा ती मुळासकट काढण्याचं कामही आसपासच्या गावांनीच केलं आणि लाकूड त्यांनी नेलं. भिंतीबाहेरची माणसं या जागेच्या कारभारातून वजा करता येत नाहीत, हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं आहे.

१९९० साली रामसरच्या यादीत केवलादेवच्या नावापुढे धोक्याची खूण लागली. मॉन्ट्रो नोंद म्हणतात तिला. कारणं दोन दिली गेली : पाण्याची टंचाई आणि चराईचं बिघडलेलं गणित. दुसऱ्या कारणाबद्दल आपण बोललो. आता पहिलं.

उद्यानाला वर्षाकाठी साधारण ५५ कोटी घनफूट पाणी लागतं, असा हिशोब मांडला जातो. ते यायचं गंभीर नदीतून, अजान बंधामार्गे. या नदीवर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झालं. पाच नद्यांचं पाणी एकत्र येतं म्हणून पांचना. धरण झालं ते शेतीसाठी, आणि तिथले शेतकरीही कोरडवाहू भागातलेच. धरणाच्या कालव्यावर अवलंबून असलेली गावं आणि धरणाच्या काठची गावं यांच्यातही पाण्यावरून वाद आहेत. अशा वेळी कुणी उभं राहून म्हणालं की थोडं पाणी बदकांसाठी खाली सोडा, तर ते ऐकणाऱ्या शेतकऱ्याला काय वाटेल? हा प्रश्न सोपा करून सांगण्यात अर्थ नाही. २००४ नंतरची काही वर्षं फार वाईट गेली. पाऊस कमी, वरून पाणी नाही. उद्यानाचे बरेच कप्पे कोरडे राहिले. जिथे पाणी नव्हतं तिथे चित्रबलाकांनी घरटी केली नाहीत. भिंत जागच्या जागी होती, राखणदार होते, कायदा होता, जागतिक वारसास्थळाची पाटी होती. फक्त पाणी नव्हतं.

त्यानंतर पर्याय उभे राहिले. गोवर्धन ड्रेनमधून यमुनेच्या बाजूचं पुराचं पाणी आणणं, चंबळच्या नळयोजनेतून काही पाणी घेणं, कूपनलिका. यामुळे उद्यान तगलं. पण नदीचं पुराचं पाणी आणि नळाचं पाणी यांत फरक आहे. पुराच्या पाण्याबरोबर माशांची लाखो पिल्लं येतात, बिया येतात, गाळ येतो, शंख-शिंपले, किडे येतात. म्हणजे पाण्याबरोबर शिधा येतो. कूपनलिकेचं पाणी जागा ओली करतं, पण पान वाढलेलं नसतं. बाहेरून येणाऱ्या पाण्याबरोबर नकोसे पाहुणेही येऊ शकतात, हेही खरं. थाई मागूर नावाने आपल्याकडे ओळखला जाणारा आफ्रिकन मांगूर मासा केवलादेवमध्ये शिरला आणि फोफावला. अधाशी मासा, समोर येईल ते खातो. तो पकडून बाहेर काढायच्या मोहिमा घ्याव्या लागल्या.

मग पाणी असलं की झालं का? तसंही नाही, आणि याचं उदाहरण भरतपूरनेच दिलं आहे. सायबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा, माणसाच्या छातीइतका उंच पक्षी. पश्चिम सायबेरियातून निघून अफगाणिस्तान, पाकिस्तान मार्गे तो इथे हिवाळ्याला यायचा आणि उथळ पाण्यातली लव्हाळ्याची कंदमुळं उकरून खायचा. १९६४-६५ च्या हिवाळ्यात इथे सुमारे दोनशे सायबेरियन क्रौंच होते. मग आकडा उतरत गेला. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची एक जोडी आली. त्यानंतर कुणीही आलं नाही. वाटेवरची शिकार, युद्धं, विसाव्याच्या पाणथळींची दुर्दशा, अशी कारणं सांगितली जातात. या जातीचे पक्षी आज पूर्वेकडे, चीनच्या पोयांग सरोवराच्या परिसरात हिवाळा काढतात. पण भरतपूरची वाट ठाऊक असलेली पिढी संपली. या जातीची पिल्लं आईबापांबरोबर पहिला प्रवास करून रस्ता शिकतात. रस्ता दाखवणारं कुणी उरलं नाही, तर इकडे कितीही पाणी भरलं तरी ती येणार कशी? स्थलांतरी पक्ष्यासाठी एक अभयारण्य म्हणजे लांबच्या प्रवासातली एक धर्मशाळा. बाकीच्या धर्मशाळा पडल्या तर हिचाही उपयोग संपतो.

आता भरतपूरहून तुमच्या-आमच्या गावाकडे येऊ. भारतभर पसरलेले मराठी लोक हे व्याख्यान ऐकतात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. केवलादेवची जी गोष्ट, म्हणजे माणसाने अडवलेल्या पाण्यावर पक्ष्यांनी संसार मांडणं, ती आपल्याकडे जागोजागी आहे. बडोद्याच्या श्रोत्यांनी डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जावं. १९१० साली सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात तो सिंचनासाठी बांधला. अहमदाबादकरांना थोळ जवळ आहे, तोही गायकवाडी राज्यातच, १९१२ साली, शेतीसाठी. दोन्ही तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत गेले. इंदूरच्या मंडळींना तर शहरातच सिरपूर तलाव आहे, होळकरांच्या काळातला, २०२२ पासून रामसर स्थळ. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर, ज्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बंधारा घातला, मागे गाळ साठत गेला, बेटं तयार झाली, पाणकणीस उगवलं आणि पक्षी आले. इंजिनिअरच्या दृष्टीने गाळ म्हणजे धरणाची व्याधी. शेकाट्याच्या दृष्टीने ते भरलेलं ताट. गोव्यात कुडचड्याजवळचं नंदा तळं असंच, पाणी दरवाज्याने अडवायचं आणि भातशेतीला द्यायचं, या रिवाजावर जगलेलं. आणि पुण्या-सोलापूरच्या लोकांचं लाडकं भिगवण म्हणजे उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी. तिथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, कधी जवळून दिसतात? धरणाचं पाणी उतरून उथळ दलदल उघडी पडते तेव्हा. म्हणजे पुन्हा आपला तोच प्रश्न : यंदा पाणी किती आहे?

यातल्या एकाही जागी पाणी पक्ष्यांसाठी अडवलेलं नव्हतं. शेतीसाठी, पिण्यासाठी, शहर वाचवण्यासाठी अडवलं होतं. पक्षी त्यात वाटेकरी झाले. त्यामुळे त्यांचा वाटा राखायचा असेल तर पाण्याच्या मूळ मालकांशी, म्हणजे शेतकऱ्यांशी, मच्छीमारांशी, पाटबंधारे खात्याशी बोलावं लागतं. नुसतं कुंपण घालून आणि पाटी लावून ते होत नाही.

आता तुमच्या पुढच्या सहलीसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची घ्या. ८ × ४२ असं तिच्यावर लिहिलेलं असतं. दहा-बारा पटींच्या मोहात पडू नका, हात थोडा हलला तरी चित्र हलतं. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशा बाजूला उभे राहा, नाहीतर सगळी बदकं काळी दिसतील. भडक कपडे टाळा.

भरतपूरला आत मोटारीने हिंडायचं नसतं. सायकल भाड्याने मिळते, पायी जाता येतं आणि रिक्षा असते. शक्य असेल तर रिक्षा घ्या. तिथल्या रिक्षाचालकांना पक्ष्यांची माहिती देण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं आहे आणि कित्येकांचा अनुभव वर्षानुवर्षांचा आहे. त्यांना अनेक पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ असतात. त्यांना फक्त 'ते काय आहे' असं विचारून थांबू नका. विचारा, की या बांधापाशी यंदा पाणी कधी आलं, गेल्या वर्षी कुठपर्यंत होतं, बगळ्यांची वीण कशी झाली. बघा ते कसे बोलते होतात. भिगवणला हेच प्रश्न होडी चालवणाऱ्या मच्छीमारांना विचारा.

घरट्यांच्या फार जवळ जाऊ नका. साधा नियम लक्षात ठेवा : पक्ष्याने खाणं थांबवून मान वर केली की तुम्ही पुरेसे जवळ आलात, आता थांबायचं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. तो बिचारा शत्रू आला म्हणून खाणं सोडून धावत येतो. होडीवाल्याला जास्त पैसे देऊन फ्लेमिंगोंचा थवा उडवायला सांगणारे लोक असतात. तुमच्या गटात कुणी असेल तर त्याला तिथेच थांबवा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला विनाकारण उडवणं म्हणजे त्याने खाऊन कमावलेली ताकद आपण चार फोटोंसाठी खर्च करणं.

आणि वहीत दोन ओळी जास्त लिहा. आपण तारीख, जागा, पक्ष्याचं नाव, संख्या लिहितो. त्याबरोबर पाणी कुठपर्यंत होतं हेही लिहा. अमुक दगडापर्यंत, अमुक बाभळीच्या बुंध्यापर्यंत, दरवाजा उघडा की बंद. दरवर्षी त्याच ठिकाणी उभं राहून एक फोटो काढा, पक्ष्याचा नव्हे, पाण्याचा. पाच वर्षांच्या अशा नोंदी कुठल्याही एका सुंदर फोटोपेक्षा जास्त कामाच्या ठरतात, कारण पाणी कमी होतंय की वाढतंय, केव्हा येतंय, हे त्यातून दाखवता येतं. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे आणि ती मुख्यतः तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांच्या बळावर चालते. तुमच्या गावाजवळच्या तलावावर ती होते का, याची चौकशी करा. होत नसेल तर चार जण मिळून सुरू करा. थवे मोजायला सरावाने येतात.

मुलांना बरोबर न्या. त्यांना पन्नास नावं पाठ करायला लावू नका. घोटाभर पाण्यात कोण, गुडघाभर पाण्यात कोण, कमरेइतक्या पाण्यात कोण, एवढंच शोधायला सांगा. आणि परत निघताना त्यांना तो पाण्याचा दरवाजा दाखवा. हा कोण उघडतं, का उघडतं, आणि एखाद्या वर्षी उघडायला मागे पाणीच नसलं तर काय होतं, ते सांगा. उत्तर तुम्हाला माहीत नसेल तर तिथल्या माणसाला विचारा.

येत्या हिवाळ्यात कुठल्याही पाणथळीवर जाल, तेव्हा गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न कोणता, हे आता तुम्हाला माहीत आहे.